चिंचेनं घासलेला बंब

फार मागे, अंघोळीचं पाणी बंबात तापायचं तेव्हाची गोष्ट. एका तांब्याच्या बंबाला आपल्या झळाळीची भारी घमेंड होती. मालकीण त्याला दर सणाला चिंचेनं लखलखीत घासायची, पण आत कधी हात घालायची नाही. नळीत काजळी दाटली, जाळी राखेनं बुजली. भाराभर लाकडं जळली तरी पाणी आपलं कोमटच.

"लाकडंच दळभद्री!" बंब फणकारला.

"अरे, तुझ्या पोटात आम्हाला श्वास घेता येईना," ओंडका खोकत म्हणाला. "आधी राख काढून घे."

"माझ्या पोटात राख? माझ्या झळाळीत आपलं काळं तोंड बघ आधी!"

शेवटी वैतागून मालकिणीनं बंब दिवाणखान्यात शोभेला ठेवला आणि नळीत कागदी फुलं खोचली.

"बघितलंत?" बंब न्हाणीघरातल्या लाकडांना ओरडून म्हणाला. "लायकी असली की बढती मिळतेच!"

फुलं त्याच्या पोटातल्या राखेत रुतून उभी होती.