ढोल वाजवीत केलेली पाहणी

पूर्वी काशी देशात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या तळ्याच्या राखणदाराच्या घरी जन्मला. बाप गेल्यावर राखण त्याच्याकडे आली. उजाडताच तो अंगाला चिखल फासून लव्हाळ्यात बसे आणि पाखरे पाहत राही. कमळपक्षी कोणत्या पानावर अंडी घालतो, टिबुकली तरंगते घरटे कसे बांधते, सारे त्याला तोंडपाठ होते.

अमात्य पिंगलाला मात्र बांध फोडून, तळे आटवून तिथे प्रमोदवन करायचे होते. "महाराज, तिथे चिटपाखरूही नाही. स्वतःच पाहावे," तो म्हणाला.

राजा निघाला, तोही हत्तीवरून, ढोल-शिंगे वाजवीत. अशा मिरवणुकीला पाखरे आरती घेऊन सामोरी येणार होती की काय? पाणी सुनेसुने झाले. राजा म्हणाला, "उद्या बांध फोडा."

बोधिसत्त्वाच्या अंगाची लाही लाही झाली.

"हेच का रे तुझ्या तळ्याचे वैभव?" असे म्हणत पिंगलाने काठालगतच्या कुजक्या शेवाळाच्या ढिगात काठी खुपसायला हात उचलला. बोधिसत्त्वाने त्याचे मनगट धरले. शिपायांनी भाले रोखले, तरी सोडले नाही.

"महाराज, मला सुळावर द्यायचे तर द्या, पण आधी ढोल थांबवा! हत्ती मागे न्या, मुकुट उतरवा आणि माझ्याजवळ चिखलात बसा. दुसऱ्याच्या घराचे दार फोडत आलात आणि घरात कोणी नाही म्हणता? हा कुठला न्याय?"

राजा वरमला. खाली उतरून चिखलात बसला.

दोन घटका गेल्या. मग ढिगाजवळ टिबुकलीने पाण्यातून डोके काढले. ती ढिगावर चढली आणि चोचीने शेवाळ बाजूला सारू लागली. खाली चार अंडी होती. ढोल ऐकताच तिने ती झाकली होती. हळूहळू लव्हाळ्यातून बाकीची पाखरेही बाहेर आली.

"हिने माझ्या भयाने लेकरे लपवली," राजा पुटपुटला. त्याने तळ्याला अभय दिले आणि पायी परतला. ढोलाला कोणी हात लावला नाही.

ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. पिंगल कोण, हे सांगायला हवे का? माझा जन्मोजन्मीचा वैरी देवदत्तच तो. राखणदार मी होतो. मी संतापलो खरा, पण कोणावर काठी उगारली नाही, उगारलेली अडवली. तीच त्या जन्मीची माझी मैत्रीची परिपूर्णता, मैत्री-पारमिता."