रेघेखालची वस्ती

"ही वस्ती कोणाच्या प्रांतात येते, एवढंच ठरू द्या बाबा. मग डॉक्टर पाठवायला मला तासही लागणार नाही."

प्रांतसाहेब इंद्रजित लोखंडे मठाच्या ओसरीवर बसून सांगत होते. लहानपणी ते इथंच सारंगधरबाबांकडे संस्कृत शिकले. म्हणून तर बाबांचा निरोप मिळताच आले. आले खरे, पण औषधं नाहीत, नकाशा घेऊन आले. मठात बाबांपाशी राहणाऱ्या मला तर तेव्हाच चीड आली.

नदीतल्या बेटावर पंधरा घरांची वस्ती. चार दिवस जुलाब-उलट्यांची साथ चालू होती. दोन माणसं गेली. त्यातली केसराबाईंची सून काल गेली आणि आता मुलगा उठत नव्हता. बाई अलीकडच्या कचेरीत जाऊन आल्या, पलीकडच्याही. दोन्हीकडून एकच उत्तर, आमच्या हद्दीत नाही.

आता त्या दारात बसल्या होत्या. रडत नव्हत्या. नुसत्या साहेबांच्या तोंडाकडे बघत होत्या.

साहेबांनी नकाशा पसरला. दोन प्रांतांची सीमा नदीतून गेलेली, आणि वस्ती नेमकी त्या रेघेखाली झाकलेली. रेघच तेवढी जाड होती. परवा दोन्ही कचेऱ्यांची बैठक आहे, असं ते म्हणाले.

परवा...

बाबांनी एकदा केसराबाईंकडे पाहिलं.

मग म्हणाले, "प्रांत म्हणजे काय रे?"

साहेब खुलले. माणूस हुशार, विचारायचीच खोटी. थेट रोमनांपासून सुरुवात केली. त्यांच्याकडे आधी अधिकाऱ्याला नेमून दिलेल्या कामाला 'प्रोविन्सिया' म्हणत, जिंकलेला मुलूख हा अर्थ मागून आला. मग मोगलांचे सुभे झाले, इंग्रजांचे इलाखे झाले. केसराबाई ऐकत होत्या. त्यांना काय कळणार होतं त्यातलं?

"आणि आपला शब्द?"

"प्र आणि अंत. प्रांत म्हणजे टोक, कड. वस्त्राच्या काठालाही प्रांतच म्हणायचे. पुढे कडेच्या मुलुखाला म्हणू लागले, आणि मग सगळ्याच मुलुखाला."

"विसरला नाहीस."

साहेब हसले. बाबा हसले नाहीत.

त्यांनी नकाशा ओढून घेतला आणि बरोबर त्या रेघेवर दुमडला. घडीवर बोट दाबून फिरवलं. वस्ती आता कागदाच्या अगदी कडेला आली. तो नकाशा त्यांनी साहेबांच्या हातात ठेवला.

साहेबांनी त्या घडीकडे पाहिलं. चेहरा उतरला होता.

"पण बाबा... वस्ती माझी की त्यांची?"

"तू गावात गेलास की लोक काय म्हणतात? कोण आले म्हणतात?"

"...प्रांत आले, म्हणतात."

"मग शब्दाला जाग."