साहेब सापडेनात

रक्तपेढीचे संचालक जगदाळेसाहेब हुकूम सोडून मोकळे झाले: दात्यांची शोधसूची यापुढे आडनावाऐवजी नावाने लावा. "एका ओळीचा तर नियम, आत्ता बदला."

डेटाबेस सांभाळणाऱ्या शर्वरीने चाचणीच्या प्रतीवर नियम बदलला आणि म्हणाली, "साहेब, तुमचंच नाव शोधा."

वर्षानुवर्षं रक्त देणाऱ्या साहेबांना उत्तर आलं, असा दाता नाही.

"मी मेलो की काय?"

"आहात की. हा नियम कधी बदलणार नाही, असा शब्द डेटाबेसला देऊन आपण सूची बांधून घेतली. तुम्ही आडनावाच्या जुन्या जागी बसलाय, डेटाबेस नावाच्या नव्या जागी शोधतोय. उद्या रुग्णासाठी दाता हवा असला तरी तिथेच शोधेल आणि नाही म्हणेल."

साहेब म्हणाले, "आधी सूची नव्याने बांधा. आणि आभारी आहे, मला वेळेवर गायब केलंत."