शेवटचे कोण?

संक्रांतीला आमच्या गावात कृष्णा पोहून पार करायची स्पर्धा असते. यंदाही स्पर्धकांत माझे नाव होते, पण अंगातला शर्ट काढायचे धैर्य होत नव्हते. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेऊनही, नदी वर्षागणिक रुंद कशी होत जाते, हे मला उमगलेले नाही. माघार कोणत्या तोंडाने कळवावी, या विवंचनेत मी मंडपात बसलो होतो.

तेवढ्यात अध्यक्ष आप्पासाहेब निकमांनी चंपूताई रणदिव्यांना अडवले. ताई एक्क्याऐंशीच्या, शाळेतल्या निवृत्त कवायतीच्या बाई.

"ताई, दरवर्षी तुमच्यापायी बक्षीस समारंभ खोळंबतो. शेवटच्याच येणार, तर उतरता कशाला? तुमच्या मागे राहील असा एक माणूस दाखवा, मग खुशाल उतरा!"

मंडप हसला. ताईंनी केसांवर टोपी चढवली.

"दाखवते की. मी पैलतीराला लागेन, तेव्हा तुम्ही कुठे असाल, आप्पासाहेब?"

"मी? इथेच, या खुर्चीत."

"म्हणजे मी पोचले तरी तुम्ही निघालेलेच नसाल. मग मी शेवटची कशी?"

आता मंडप आप्पासाहेबांकडे पाहून हसला. त्यांनी वाट सोडली. ताईंनी ओंजळभर पाणी डोक्याला लावले आणि निघाल्या. सावकाश, पण नदीनेच जागा करून द्यावी अशा. मी थक्क होऊन पाहत राहिलो. मग लक्षात आले, खुर्चीत तर मीही बसलोय. शर्ट काढला.

त्या दिवशी आप्पासाहेब शेवटचे ठरले. त्यांच्या आधीच्या नंबरासाठी मात्र ताईंची आणि माझी थेट काठापर्यंत चुरस झाली.