चिमाक्काच्या खवट शेंगा

माणसांनी बाजार मांडला त्याच्या कितीतरी आधी चिमाक्का घुशीचं बिळात किराणा दुकान होतं. बीळ चांगलं ऐसपैस, पण माल कमी पडेल या धास्तीने ती रोज एखादं पोतं आत ओढायची. शेवटी सशाला कान मुडपून आत शिरावं लागे, आणि साळिंदरबाई नुसती वळली तरी कुणीतरी किंचाळे.

"शेंगा खवट आहेत तुझ्या," एक दाणा तोंडात टाकून ससा म्हणायचा आणि तसाच बाहेर पडायचा. हळूहळू गिऱ्हाइकं ओढ्यापलीकडे मुंगसाच्या दुकानात जाऊ लागली. यावर चिमाक्काने काय करावं? आणखी तीन पोती भरली!

चैत्रात धान्याला कीड लागली, म्हणून तिने सगळी पोती बाहेर नेऊन धान्याला ऊन दाखवलं. दुकानात शेंगांची टोपली तेवढी राहिली. ससा आला, भिंतीला टेकून पाय पसरून बसला. साळिंदरबाईने स्वतःभोवती एक गिरकीच घेतली. कुणी किंचाळलं नाही. गप्पांच्या नादात दोघांनी टोपली संपवली.

"चिमाक्का, या शेंगा कुठून आणल्यास ग? किती गोड!" सशाने विचारलं.

चिमाक्का चकित झाली. मग तिचं लक्ष सशाच्या डोक्याकडे गेलं. त्या संध्याकाळी तिने शेजारचं जुनं बीळ झाडून पोती तिकडे ठेवली.

"शेंगा कालच्याच आहेत, ससेभाऊ," ती म्हणाली होती, "पण आज तुम्ही कान उभे ठेवून खाल्ल्यात."