भोंगा आणि डबे

शहरातल्या गिरण्या बंद पडून बरीच वर्षं लोटली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका गिरणीच्या छपरावर जुना भोंगा गंजत पडला होता.

"एकदा वाजून तरी बघ," शेजारचं धुराडं म्हणालं.

"कुणासाठी? शहर मला केव्हाच विसरलं," भोंगा कुरकुरला. तरी एका सकाळी सात वाजता तो रागारागानं कोकलला.

सवयीनं घराघरांतले हात डब्यांकडे गेले. शेकडो जुने कामगार डबे घेऊन फाटकाशी आले आणि आत आता माग नाहीत हे आठवून ओशाळले.

"आलोच आहोत, तर आवारातलं रान तरी काढू," एकेकाळी गिरणीत सुताच्या कांड्या भरणाऱ्या गजराबाई म्हणाल्या. दुपारपर्यंत आवार मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजायला गेला, तर डबे आधीच फाटकाशी येऊन थांबले होते.