उंच दाराचे घर

त्या राज्यात प्रत्येक प्राण्याची लायकी एकाच परीक्षेवरून ठरत असे. एका पायावर जो जास्त वेळ उभा राहील, तो जास्त हुशार. परीक्षा सर्वांना सारखीच असल्यामुळे ती न्याय्य आहे, याबद्दल राज्यात दुमत नव्हते. दरवर्षी बगळे पहिले येत आणि दरवर्षी त्यांच्या चिकाटीचे कौतुक होई. मासे परीक्षेला बसू शकत नसत. त्यांच्यासाठी समिती नेमलेली होती.

राज्याच्या मधोमध एक सुळका होता आणि सुळक्यावर एक शाळा. तिथे खणणे, पोहणे, चढणे, उडणे असे सगळेच शिकवले जाई. हल्ली खणण्याला मागणी होती, म्हणून पहिले आलेले बगळे खणणे घेत. सगळ्यांत शेवटी उरे ती उड्डाण शाखा, कारण ज्यांना उडता येत होते ते सगळे खणायला बसलेले असत.

सुळक्यावरून शिकून आलेल्याच्या डोक्यावर एक उंच तुरा बसवला जाई. तो झोपतानाही उतरवायचा नसे. त्यामुळे ज्या घरातले पोर सुळक्यावर लागले, त्या घराचे दार उंच करण्याची रीत पडली होती. पोर परत यायला चार वर्षे असली तरी दार त्याच दिवशी उंच होई. शेजारीपाजारी येऊन हौसेने कमान रचत. कमानीला माती लागे, आणि ती त्याच घराच्या आतली असावी असा दंडक होता. बाहेरची माती वापरणे हलके समजत.

घुशींच्या वस्तीत मात्र आजवर एकही दार उंच झालेले नव्हते.

भुई ही त्या वस्तीतली एक तरुण घूस. दोन वर्षे ती एका निवृत्त बगळ्याच्या शिकवणीला जात होती. शिकवणी नदीच्या पात्रात चाले. काही घुशी वाहून जात, पण शिकवणीच्या फलकावर उभ्या राहिलेल्यांचीच चित्रे असत, त्यामुळे निकाल नेहमी उत्तम दिसे.

भुईला हे सगळे एकाच गोष्टीसाठी हवे होते. ती लहान असताना त्यांच्या बिळाची मागची खोली खचली होती आणि तिची थोरली बहीण आत राहिली होती. त्या सकाळी भुईने भिंतीत बारीक सरसर ऐकली होती. तिने ती कोणाला सांगितली नाही, कारण ती काय आहे हे तिला ठाऊक नव्हते. पडण्याआधी माती काय म्हणते, हे तिला शिकायचे होते.

निकाल लागला. भुईला सुळका मिळाला, उड्डाण शाखा. सूर्य मावळायच्या आत सुळक्याच्या पहिल्या पायरीवर डोके टेकले नाही, तर जागा एका गोगलगायीला जाणार होती.

पायथ्याच्या शाळेनेही तिला बोलावले होते. तिथे एक म्हातारे खवले मांजर फक्त खणणे शिकवत असे. त्या शाळेला कमान नव्हती की पाटी नव्हती. पोरे एका भोकातून आत जात आणि दिसेनाशी होत. जी शाळा दिसतच नाही तिचे नाव चारचौघांत घ्यायचे कसे, हा वस्तीचा सवाल रास्त होता.

"उडायचं?" भुई म्हणाली. "मी?"

"शाखेचं काय घेऊन बसलीस!" मामा म्हणाले. मामा एकदा सुळक्याच्या पायरीपर्यंत जाऊन आले होते, त्यामुळे अशा बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. "नाव सुळक्याचं लागतं ना? आमच्या माहितीतलं एक कासव तिथून उड्डाण झालं. आज बघ, कुठल्या कुठे आहे!"

"कुठे आहे?"

"ते नाही सापडलं. पण तुरा सापडला. असा उंच!"

"आणि खणायचं?"

"अगं, खणणं काय, घुशीला येतंच," भुईचे वडील, आप्पा म्हणाले. मग ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भुई, या घरात चांगलं असं कधी काही झालं नाही. एवढं होऊ दे."

तोवर दुपार झाली होती आणि शेजाऱ्यांनी आतून माती काढायला सुरुवातही केली होती. मागच्या भिंती खरवडून कमान रचली गेली. ती वस्तीतल्या सगळ्यांत जुन्या वारुळापेक्षा उंच झाली. समारंभाला सुळक्यावरून खणणे शाखेत पहिला आलेला एक बगळा आला. न वाकता आत जाणारा त्या घराचा तो पहिला पाहुणा. आई गहिवरली.

भुईला ओवाळण्यासाठी कमानीखाली उभे केले. तिची पाठ मातीला टेकली आणि ती ताठ झाली.

"थांबा," ती म्हणाली. "सरसर होतेय."

आईने हातातले तबक खाली ठेवले. बाकीचे शेंगा सोलत राहिले.

"सगळे बाहेर या. घर पडणार आहे!"

"का पडणार आहे?" मामांनी विचारले.

"का ते मला माहीत नाही. तेच तर शिकायचंय."

"मग जे शिकलेत त्यांना बोलू दे की, बाई."

सर्वांनी बगळ्याकडे पाहिले. बगळ्याने एक पाय वर घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकले.

"आवाज शास्त्रशुद्ध आहे," तो म्हणाला.

सगळ्यांना हायसे वाटले, आणि घर पडले.

भुई कमानीखाली होती म्हणून तेवढी बाहेर राहिली. चारही पाय एकदम वापरणे त्या राज्यात अडाणीपणाचे मानत. भुईने चारही पाय वापरले, वर दातही वापरले. ती खणत होती, थांबून मातीला कान लावत होती आणि जिथे सरसर नव्हती तिथे पुन्हा खणत होती. अखेर मागच्या बाजूला एक वाकडेतिकडे, घुशीच्या मापाचे भोक पडले.

त्यातून आधी मामा निघाले, तोंडात शेंग तशीच. मग शेजारी एकामागून एक. मग बगळा, घडी घालून. त्याचा तुरा आतच राहिला. मग आप्पा. सर्वांत शेवटी आई.

मामांनी अंग झटकले आणि वर पाहिले. कमान जागच्या जागी उभी होती. घराची सगळी माती तिच्यातच असल्यामुळे तिला काही झाले नव्हते.

"असं भोकातून बाहेर पडणं बरं नाही दिसत," मामा म्हणाले. "पाहुणे आहेत आपल्याकडे."

मग सगळे वळसा घालून पुढच्या बाजूला गेले आणि रांगेत उभे राहिले. एकेक जण मान ताठ ठेवून कमानीतून पलीकडच्या माळावर जाऊ लागला.

"घर प्रशस्त वाटतंय आता," एक शेजारीण म्हणाली.

भोकापाशी आई आणि भुई दोघीच होत्या. लेकीच्या नाकावरची माती पुसायला आईने पंजा उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

"जा," ती म्हणाली. "आणि ती सरसर काय म्हणते, ते मला येऊन सांग."

भुई निघाली. सुळक्याची वाट वर जात होती. भुई पायथ्याकडच्या उताराला लागली.

रांगेत आता आप्पांची पाळी आली होती. त्यांनी कमानीकडे पाहिले, मग भोकाकडे, मग उतारावर लहान होत जाणाऱ्या ठिपक्याकडे. आत जायला त्यांनी एक पाय उचलला. तो तसाच हवेत राहिला. सुळक्यावरचे ऊन गेले, माळावरचे गेले, तरी तो खाली टेकेना.

"बघा बघा," पलीकडून मामा कौतुकाने म्हणाले, "किती वेळ उभे आहेत आमचे दाजी! त्यांच्या काळी शिकवणी असती, तर पहिले आले असते."